पाहुणीची ओटी

१८ जानेवारी १९७५, शनिवार. सकाळी साडेसहाला मी मागच्या पडवीत सूप घेऊन दोन किलो तीळ निवडत होते. संक्रांत होऊन चार दिवस झाले होते, आमच्या सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेतले पाळणे अजून फिरत होते, आणि दुपारी चारला आमच्या घरी महिला मंडळाचं हळदीकुंकू होतं. मंडळाची अध्यक्ष माझी मोठी जाऊ. साठ-सत्तर बायका येणार होत्या. तीळ निवडणं, गूळ चिरणं, वड्या थापणं, कपबशा धुऊन मांडणं, गुलाबदाणी भरून ठेवणं ही सगळी कामं माझी. कुंकू लावून घेणं माझ्या वाट्याला नव्हतं. माझे यजमान आठ वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून नव्हतं.

मला कधी कुणी ‘बाहेर येऊ नकोस’ असं म्हटलं नाही. हे सांगायला हवं, कारण माझी जाऊ वाईट बाई नव्हती. हळदीकुंकवाचा करंडा फिरायला लागला की मला आत काहीतरी काम निघायचं. दूध वर आलेलं असायचं, नाहीतर कप कमी पडायचे. पहिल्या वर्षी ते काम खरोखरच निघालं होतं. पुढं मी ते वेळेवर काढायला शिकले.

त्या दिवशी मात्र मला बाहेरही काम होतं. माझे मोठे दीर विणकरांच्या एका सहकारी संस्थेत चिटणीस होते. संस्था बघायला त्रिनिदाद बेटावरून एक बाई आल्या होत्या. तिकडे त्या बायकांची सोसायटी चालवायच्या. सरकारी पाहुण्या म्हणून चार गावं फिरत होत्या. वेस्ट इंडीजचा संघ त्याच महिन्यात आपल्याकडे खेळत होता, त्यामुळे दिरांनी पहिल्याच भेटीत त्यांना गोलंदाजांबद्दल विचारलं. त्यांनी उलट दिरांना सुताच्या कोट्याबद्दल विचारलं. दीर घरी येऊन म्हणाले, ‘‘बाई हुशार आहे, पण क्रिकेटमधलं काही कळत नाही.’’ आणि मग मला म्हणाले, ‘‘उद्या तू बरोबर राहा. इंग्रजी तूच बोलू शकतेस.’’ मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवते. शनिवारची रजा टाकली, वड्या दहापर्यंत थापून मोकळी झाले आणि टांग्यानं विश्रामगृहावर गेले.

पाहुणी माझ्याच वयाची, पंचेचाळिशीतली. उंच, अंगानं भरलेली, रंग तव्यासारखा काळा आणि तुकतुकीत. केस बारीक कापलेले. अंगात पिवळ्या-तांबड्या मोठ्या फुलांचा झगा, कानात मोठाल्या बांगड्यांएवढ्या रिंगा. मी पांढऱ्यात बारीक निळी रेघ असलेलं पातळ नेसले होते. आठ वर्षांत माझ्याकडे दुसऱ्या जातीचं पातळ आलंच नव्हतं. त्या झग्याकडे मी जरा जास्तच वेळ बघितलं असणार, कारण त्या म्हणाल्या, ‘‘सुती आहे. घरी शिवलाय.’’

आम्ही पूर्व भागात मागांवर गेलो. तिथली वस्ती तेलुगू विणकरांची. एक बाई दारात बसून चरख्यावर कांड्या भरत होती. ती पाहुणीकडे बघून मला म्हणाली, ‘‘ह्या बाई कुठल्या म्हणायच्या? आमच्यापेक्षा काळ्या हाईत की!’’

‘‘काय म्हणते ती?’’ पाहुणीनं विचारलं.

मी जसंच्या तसं सांगितलं. पाहुणी मोठ्यानं हसली आणि त्या बाईच्या हाताशेजारी आपला हात धरून म्हणाली, ‘‘खरंय. मी जिंकले.’’ मीही हसत हसत ते मराठीत सांगितलं. तोपर्यंत माझ्या मनात काही वाकडं नव्हतं.

ते आलं परतताना, उसाच्या रसाच्या गाड्यावर. पाहुणीला रस नको होता. मी एकटी कशी पिणार, म्हणून दोघी नुसत्याच उभ्या राहिलो. चरकाकडे बघत त्यांनी सांगितलं, की त्यांचा नवरा साखर कारखान्यात होता आणि तीन वर्षांपूर्वी तापानं गेला. मी म्हटलं, ‘‘माझे आठ वर्षांपूर्वी.’’ मग मी विचारलंच, ‘‘तुमच्यात रंगीत नेसलेलं चालतं?’’

‘‘एक वर्ष काळं-पांढरं घातलं. मग आई म्हणाली, आता पुरे, मुलं घाबरतात.’’

एवढंच. आता पुरे. माझ्या बाबतीत हे शब्द उच्चारायला कुणी उरलं नव्हतं, आणि कुणी उरलं असतं तरी उच्चारले असते असं वाटत नाही. टांग्यात त्या काहीबाही विचारत होत्या आणि मी हो-नाही करत होते. त्यांच्या रिंगा टांग्याच्या प्रत्येक गचक्याला हलत होत्या. माझ्या पोटात दुखायला लागलं होतं, आणि ते कशानं हे मला चांगलं कळत होतं.

चारला बाहेरचा सोपा भरला. बहुतेकजणी काळ्या साड्या नेसून आलेल्या; संक्रांतीला काळं शुभ. पाहुणी ते बघून दारातच थांबली. ‘‘सगळ्याजणी काळ्यात?’’

‘‘सणाचा रंग आहे,’’ मी म्हटलं. काळं इथं शुभ हे ऐकून त्यांचा चेहरा खुलला, त्याचा मला रागच आला. एवढं सोपं होतं त्यांचं, कुठंही गेल्या तरी काहीतरी मिळत होतं. खरं सांगायचं तर याच बायका सून बघायला गेल्या की आधी रंग बघत. पण ते मी त्यांना सांगितलं नाही.

जावेनं त्यांना मधोमध पाटावर बसवलं. शेजारी सुगडं मांडलेली, त्यात बोरं, हरभऱ्याचे घाटे, गाजराचे आणि उसाचे तुकडे. पाहुणीनं लिहून आणलेला कागद पर्समधून काढला. सोसायट्यांवर भाषण होतं. मग त्यांची नजर सुगडाकडे गेली. त्यांनी उसाचा तुकडा उचलला, वास घेतला, परत ठेवला आणि कागदाची घडी घालून पर्समध्ये टाकली.

‘‘माझ्या आजीची आई हे तोडायची,’’ त्या म्हणाल्या. मी मराठीत सांगत गेले. त्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून जहाजात कोंबून नेलं ते यासाठी. मळा गोऱ्या मालकाचा, माणसंही त्याचीच, गुरांसारखी वहीत मांडलेली. पुढं कायदा झाला, गुलाम सुटले, तेव्हा सरकारनं नुकसानभरपाई दिली ती मालकांना. सुटलेल्यांना काही नाही. अजून पाहुणीचं आडनाव त्या मालकाचंच होतं. मग मळ्यावर माणूस कमी पडलं म्हणून मालकांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले आणि त्यांना त्याच चाळींत ठेवलं. ‘‘आम्हाला सांगितलं, हे तुमच्या पोटावर पाय द्यायला आलेत. त्यांना सांगितलं, हे आळशी आणि घाणेरडे. माझी शेजारीण हिंदू होती. तिच्या अंगणात मी लहानाची मोठी झाले. तिच्या स्वयंपाकघरात मात्र एकदाही गेले नाही.’’

गोरे गेले तरी काय काय मागं राहिलं, तेही त्यांनी सांगितलं. शाळेच्या पुस्तकांत बर्फाच्या कविता. बँकेच्या खिडकीवर फक्त उजळ मुली. त्यांची आई दर शनिवारी चुलीवर लोखंडी फणी तापवून त्यांचे केस सरळ करायची, कानाची कड भाजायची. पाच वर्षांपूर्वी तरुण पोरं ‘काळं असण्याची लाज नाही’ म्हणत रस्त्यावर उतरली, त्यानंतर पाहुणीनं केस कापले.

माझी जाऊ नातेपुत्याकडची, माहेरी ऊस. ती हळूच म्हणाली, ‘‘आमच्याकडं बी तोडायला लांबनं माणसं येत्यात. पाचटाच्या कोपीत ऱ्हात्यात. आमी कदी त्यांच्या कोपीत वाकून बघितलं न्हाय.’’ एवढं बोलून ती पानाचं तबक सारखं करत बसली.

मी बोलत होते ते शब्द त्यांचे आणि आवाज माझा. साठ बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. आणि मला वाटत होतं, हिच्या दुःखाला केवढा मान आहे. त्याला जहाजं आहेत, कायदे आहेत, ऐकायला भरलेली सभा आहे. माझं सांगायला गेलं तर काय सांगायचं? दूध वर येतं आणि मी आत जाते. यावर कोण भाषण ठेवणार?

मग प्रश्न सुरू झाले. ‘‘उन्हानं काळ्या झाल्या का मूळच्याच?’’ एकीनं विचारलं. मी पाहुणीला सांगितलं, त्या तुमच्याकडच्या हवेबद्दल विचारतायत. दुसरी म्हणाली, ‘‘केस हात लावून बघू का विचार ना गं.’’ ते मी गिळून टाकलं. तिसरीचं काहीतरी देवाधर्माचं होतं, तेही गुळगुळीत करून दिलं. दुभाष्याला एवढं करावं लागतं.

शेवटी मास्तरीणबाईंनी तोंड उघडलं. या हेडमास्तरांच्या पत्नी, सत्तरीच्या, नऊवारीतल्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मंडळात कायदा त्यांचा. काय शास्त्राला धरून आहे आणि काय नाही, हे त्यांच्या मान हलवण्यावर ठरायचं. त्या म्हणाल्या, ‘‘मुलं किती म्हणावं? आणि मालक काय करतात?’’

तोवर जाऊ करंडा घेऊन उठली होती. एकीनं गुलाबदाणी उचलली होती. ओटीचं ताट तयार होतं: खण, नारळ, गहू, हळकुंड, सुपारी. पाहुणीला पदर नव्हता, ओटी घालायची कशात हा प्रश्न पडला होता, तो जावेनं कपाटातला नवाकोरा सोलापुरी टॉवेल काढून सोडवला होता. टॉवेल पाहुणीच्या मांडीवर पसरून झाला होता आणि त्या कौतुकानं त्याची कड बघत होत्या.

मी प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, तीन मुलगे, आणि नवरा वारला.

ते मला गाळता आलं असतं. तासाभरात मी तीन गोष्टी गाळल्या होत्या. ‘साखर कारखान्यात’ एवढं म्हटलं असतं तरी ते पूर्ण खोटं नव्हतं. पण तो टॉवेल, तो खण आणि त्यांच्या कानातल्या रिंगा माझ्या डोळ्यांत खुपत होत्या. मी सोप्याच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा वर्गातल्या आवाजात सांगितलं, ‘‘तीन मुलगे आहेत. यजमान तीन वर्षांपूर्वी वारले.’’

जावेचा करंडा होता तिथंच थांबला. कुणाची तरी बांगडी वाजली. मागं कुजबुज झाली, ‘‘अगं बाई! आणि ओटीचा टॉवेल तर पसरला.’’ पाहुणी एकेकीकडे बघत होती, काय बिघडलं ते कळत नव्हतं. मला त्या क्षणी बरं वाटलं. ते लिहून ठेवते. ते चांगलं नव्हतं, पण होतं.

जावेनं मास्तरीणबाईंकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. मास्तरीणबाई जरा थांबल्या आणि मग मान हलवून म्हणाल्या, ‘‘लाव. परदेशातल्या आहेत. त्यांच्यात चालतं.’’

‘‘व्हय की,’’ जाऊ म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला. ‘‘घरी आलेल्या पाहुणीला मोकळी कशी धाडायची?’’ तिनं हळदीकुंकू लावलं, नारळ टॉवेलात ठेवला, गहू ओंजळीनं घातले. बायकाही सैल झाल्या, हसायला लागल्या. एकीनं पाहुणीच्या हातात दोन हिरव्या बांगड्या चढवल्या; त्या मोठ्या हातावर अडल्या, तेव्हा साबण आणायला दोघी धावल्या. मी पाहुणीच्या शेजारी हातभर अंतरावर होते. तिला लावून जाऊ वळली, तिचं कुंकवाचं बोट तसंच वर धरलेलं होतं. आमची नजरानजर झाली.

‘‘अगं धाकटे,’’ ती मायेनं म्हणाली, ‘‘च्याचं बघतीस का?’’

मी गेले. नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. नवरा गेल्यावर बायको मागं राहते तशीच तीही राहिली, मीही राहिले. ती सातासमुद्रापलीकडची म्हणून तिला चाललं. मी त्याच घरात चोवीस वर्षं भाकरी थापली म्हणून मला नाही. ती काळी, तिच्या पूर्वजांना विकलं, तिला बँकेत नोकरी नाही. या सगळ्याची मला त्या दुपारी दया यायला हवी होती. मला तिच्या कपाळाचा हेवा वाटत होता.

पाहुणी पाच मिनिटांत स्वयंपाकघरात आली. नारळ काखेत, टॉवेलात गहू, कपाळावर पिवळं-लाल.

‘‘मघाशी त्या का थांबल्या?’’

मी आधण बघत सांगून टाकलं. विधवेला कुंकू नाही, ओटी नाही.

‘‘मग मला लावलं ते?’’

‘‘तुम्ही परक्या आहात. तुम्हाला माफ.’’

‘‘आणि तुम्हाला?’’

‘‘मी चहा करतेय.’’

त्यांनी नारळ ओट्यावर ठेवला. ‘‘माझी आजी मळेवाल्याच्या बंगल्यावर स्वयंपाक करायची,’’ त्या म्हणाल्या. ‘‘त्यांच्या घरच्या लग्नाचा सगळा केक तिनं केला. फोटो काढायची वेळ आली, तेव्हा तिला आठवलं, भट्टीत पाव राहिलाय. पाव नव्हता. तिला कुणी हाकललं नाही.’’

‘‘तुमच्याकडे चाबूक होता,’’ मी म्हटलं. ‘‘इथं फक्त चहा आहे. उगीच दोन्ही एकत्र करू नका.’’

‘‘नाही करत. चाबूक तो चाबूकच. पण भट्टीतला पाव मी ओळखते.’’ मग वड्यांचं ताट जवळ ओढत, ‘‘आज तुम्ही बरंच गाळलंत. प्रश्न लांब असायचा आणि तुमचं इंग्रजी आखूड. हे एक तेवढं गाळलं नाहीत.’’

माझे कान तापले. पण इंग्रजीत एक सोय आहे. त्या भाषेत मला कुणी कधी लाज धरायला शिकवलं नाही, वर्गात फक्त धडे वाचले. म्हणून मी बोलू शकले. ‘‘मला तुमची ओटी रिकामी राहिलेली बघायची होती.’’

त्या रागावतील असं वाटलं. त्यांनी तिळाची वडी तोंडात टाकली आणि म्हणाल्या, ‘‘मग? भरली ना.’’

‘‘भरली.’’

‘‘मला वाईट वाटलं पाहिजे का?’’

मला खरोखर तेच हवं होतं. त्यांनी ते कुंकू पुसावं, माझ्यासाठी नको म्हणावं, बाहेर जाऊन चार शब्द सुनवावेत. त्यांनी यातलं काही केलं नाही. ‘‘आयुष्यात मला पुष्कळ दारांतून परत पाठवलंय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘एखादं उघडलं तर मी आत जाते. तुमच्यासाठी मी बाहेर उभी राहिले तर आपण दोघी बाहेर. त्यात तुमचा काय फायदा?’’ आणि भिंतीवरच्या लहान आरशात वाकून कपाळ बघत म्हणाल्या, ‘‘छान दिसतंय. आज असंच ठेवते.’’

मी चहा गाळला. त्यांनी ट्रे उचलायला हात पुढं केला. ‘‘पाहुण्यांनी उचलायचा नाही,’’ मी म्हटलं आणि त्यांना बाहेर पाठवलं.

सहाला दीर त्यांना विश्रामगृहावर सोडायला गेले. पहाटेच्या गाडीनं त्या पुढं जाणार होत्या. जाताना त्यांनी माझा हात हातात घेतला, बांगड्या वाजल्या, मी कोरडेपणानं ‘सुखरूप जा’ म्हटलं. माझा हेवा काही गेलेला नव्हता. आजही त्या झग्याची आठवण आली की थोडा असतोच.

सोपा झाडताना जाऊ खुशीत होती. ‘‘पाहुणीला बरं वाटलं की नाय? रथसप्तमीला आपल्याकडंच दुसरं ठेवू. धाकटे, तू आतलं बघशील ना?’’

‘‘नाही,’’ मी म्हटलं.

‘‘म्हंजे?’’

‘‘मी सोप्यात बसणार. चहा दोघी-तिघी मिळून करा.’’

ती केरसुणी धरून उभी राहिली. ‘‘अगं, मला काय. पण मास्तरीणबाई... त्यांनी मान हलवली न्हाय तर बायका उठून जातील. मी कुणाकुणाला धरून ठिवू?’’ ती खोटं बोलत नव्हती. भीत होती. करंडा तिच्या हातात असला तरी बोट तिचं नव्हतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. म्हणून मी तिच्याशी वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी आठला मी अंघोळ करून, तेच निळ्या रेघेचं पातळ नेसून मास्तरीणबाईंच्या दारात गेले. त्या झोपाळ्यावर जपमाळ घेऊन बसल्या होत्या.

‘‘ये गं. एवढ्या सकाळी? आत सून एकटीच आहे बघ, तिला जरा चहाला हात लाव.’’

‘‘आत नको. बाहेरच बसते,’’ मी म्हटलं आणि त्यांच्यासमोरच्या खुर्चीवर बसले. ‘‘रथसप्तमीला मी आमच्या सोप्यात अशीच बसणार आहे. करंडा माझ्यापर्यंत आला की तुम्ही मान हलवायची की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी उठणार नाही. त्या दिवशी सगळ्यांसमोर कळण्यापेक्षा आज सांगावं, म्हणून आले.’’

त्यांची माळ थांबली. ‘‘त्या बाईनं शिकवलं का तुला हे?’’

‘‘नाही. तिला मिळालेलं मला सहन झालं नाही.’’

त्यांनी माळ मांडीवर ठेवली. हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. मग आत वळून सुनेला हाक मारून सांगितलं, ‘‘दोन कप टाक गं.’’ चहा आला. मी तो तिथंच, खुर्चीवर बसून प्यायले, कप खाली ठेवला, तो विसळायला उठले नाही, आणि घरी आले.